रोजच्या वाटेवरची पाचशे अश्वशक्ती

ज्या वाहनाची घडण मुळात घोड्यांचे ट्रेलर, गवताच्या गठ्ठ्यांनी लादलेल्या गाड्या आणि बांधकामाची अवजड यंत्रे ओढून नेण्यासाठी झाली, त्याच्या इंजिनात फेरफार करून त्याची शक्ती दुपटीने-तिपटीने वाढवावी आणि मग त्याच वाहनात रोज सकाळी एकट्यानेच बसून कामावर जावे, ही चाल अमेरिकेबाहेरच्या माणसाला प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटल्यास नवल नाही. परंतु ही चाल तेथे चांगली तीन दशके रुजलेली आहे. तिचे स्वतःचे शास्त्र आहे, स्वतःची बाजारपेठ आहे, स्वतःचे वाद आहेत, आणि अलीकडच्या काळात तिच्यापायी सरकारदरबारी खटलेही गुदरले गेले आहेत. या साऱ्या पसाऱ्यात ज्या एका प्रश्नाची चर्चा कधी संपत नाही तो असा, की अशा वाहनात किती अश्वशक्ती असली म्हणजे ते रोजच्या वापराला योग्य राहते आणि कोणत्या मर्यादेपलीकडे ते निव्वळ शर्यतीचे यंत्र होऊन बसते. बहुतेक जण याचे उत्तर एका आकड्यात देऊ पाहतात. कोणी चारशे म्हणतो, कोणी सहाशे, कोणी हजाराची फुशारकी मारतो. माझ्या मते नुसत्या आकड्याने या प्रश्नाचा निकाल लागत नाही. रोजच्या वापराची मर्यादा ठरते ती वाहन आपल्या बळाच्या पाव हिश्श्यावर, म्हणजे सिग्नलपाशी, गर्दीत, थंडीत आणि लांबच लांब चढणीवर, कसे वागते यावरून. आणि या कसोटीला लावून पाहिल्यास पुष्कळ नामांकित फेरफार फिके पडतात.

ही वाहने अमेरिकेत 'पाऊण टनी' आणि 'एक टनी' या जुन्या नावांनी ओळखली जातात, जरी त्यांच्या आजच्या वहनक्षमतेने त्या नावांना केव्हाच मागे टाकले असले तरी. फोर्डची एफ-२५० व एफ-३५०, जनरल मोटर्सच्या सिल्व्हराडो व सिएरा यांच्या २५०० आणि ३५०० या आवृत्त्या, आणि पूर्वी डॉज या नावाखाली विकली जाणारी राम, ही ती तीन घराणी. यांतील डिझेलचे वाहन रिकामेच तीन टनांहून अधिक भरते आणि लांबीला वीस फुटांच्या घरात जाते, तेव्हा शहरातल्या वाहनतळावर ते एका दमात उभे करणे हेच मुळी एक कौशल्य आहे.

१९८० च्या दशकात या वाहनांतून डिझेल इंजिने आली खरी, पण ती मोठी गरीब होती. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये ६.२ लिटरचे आणि फोर्डने १९८३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरकडून घेतलेले ६.९ लिटरचे इंजिन दिले. दोन्ही टर्बोविरहित, काटकसरी आणि चढणीवर दम टाकणारी. या चित्राला कलाटणी मिळाली ती १९८९ सालच्या डॉजने. तिच्यात कमिन्स कंपनीचे बी मालिकेतील ५.९ लिटरचे, सहा सिलिंडर एका ओळीत असलेले, टर्बोयुक्त इंजिन बसविले गेले आणि त्याची शक्ती १६० अश्वशक्ती व ४०० पाउंड-फूट टॉर्क इतकी जाहीर झाली. हे इंजिन कमिन्सने केस या कृषियंत्रे बनविणाऱ्या कंपनीच्या भागीदारीत मुळी शेतावरच्या आणि मालवाहतुकीच्या कामासाठी उभे केले होते. बीडाचा जाड ठोकळा, पट्ट्याऐवजी दातेरी चाकांनी फिरणारा कॅमशाफ्ट, दांडगे कनेक्टिंग रॉड, आणि अश्वशक्तीपेक्षा आयुर्मानाकडे अधिक लक्ष अशी त्याची घडण. याच मालिकेची इंजिने पुढे टाटा-कमिन्सच्या भागीदारीतून भारतात आली आणि त्या भागीदारीचे कारखाने जमशेदपूरला व नंतर सातारा जिल्ह्यातील फलटणलाही झाले. तेव्हा खंबाटकीचा घाट चढणाऱ्या टाटांच्या ट्रकमागे ज्याने कधी मुकाट्याने गाडी हाकली असेल त्याला या इंजिनाचा आवाज अगदीच परका वाटू नये. जे यंत्र दिवसभर पूर्ण भाराखाली राबण्यासाठी घडले ते पिकअपमध्ये १६० अश्वशक्तीवर म्हणजे जवळजवळ विश्रांती घेत होते. हा जो शिलकी साठा लोखंडात पडून होता, तो हुडकून काढण्याच्या खटपटीतूनच पुढचा सारा उद्योग जन्माला आला.

ती खटपट किती सोपी होती हे समजण्यासाठी १९९४ ते १९९८ या काळातील बारा व्हॉल्व्हच्या कमिन्सवरील बॉश कंपनीचा पी-७१०० हा पंप जवळून पाहण्यासारखा आहे. सहाही सिलिंडरांना डिझेल मापून देणाऱ्या या पंपाच्या माथ्यावर मागील बाजूस एक लहानसे धातूचे घर असते. ते ज्या स्क्रूंनी बसविलेले असते त्यांपैकी एकाचे डोके, कोणी हात घालू नये म्हणून, कारखान्यातच मोडून टाकलेले असते. ते घर उचलले म्हणजे खाली तळहातावर मावेल एवढी पोलादी पट्टी दिसते, आणि तिच्या एका कडेला काढलेला जो वळसा, तोच या प्रचंड वाहनाच्या शक्तीचा खरा मालक असतो. कारण पंपाचा दांडा पुढे सरकताना या वळशाला टेकून थांबतो आणि त्याहून अधिक डिझेल देण्यास नकार देतो. पट्टी थोडी पुढे सरकविली, अगर वेगळ्या वळशाची आणून बसविली, की अश्वशक्ती तासाभरात १८० वरून अडीचशेच्या पुढे जाते. काही महाभाग ती पट्टी समूळ काढूनच टाकतात. दुसऱ्या कोणत्याही यंत्रात इतक्या थोड्या मेहनतीत इतका बदल घडत असेल असे मला वाटत नाही.

मात्र डिझेल वाढले आणि त्याच्या प्रमाणात हवा वाढली नाही, की उरलेले इंधन न जळता काजळी होऊन बाहेर पडते. टर्बोला गती येण्यास क्षण-दोन क्षण लागतात आणि पाय तर आधीच दाबलेला असतो. त्या मधल्या अवधीत मागे काळा लोट उठतो. आता गंमत अशी, की याच्या बंदोबस्ताची सोय त्याच पंपावरच्या त्याच घरात असते. तेथे एक दातेरी चक्री असते; टर्बोचा दाब येईपर्यंत डिझेल किती आखडते घ्यावे हे तिच्यामुळे ठरते, आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तिचे चार-दोन दाते इकडून तिकडे केले की धूर आटोक्यात येतो व सुरुवातीची उचलही टिकते. पट्टी बदलण्याचे काम पोरसवदा मुलगाही करतो; चक्री जुळविण्यासाठी मात्र चार दिवस गाडी चालवून, दर वळणाला थांबून, पुन्हा थोडेसे फिरवून पाहण्याचा धीर लागतो. ज्याच्या वाहनाची चक्री नीट जुळलेली आहे त्याला आपले वाहन रोजच्या वापराचे आहे असे म्हणण्याचा हक्क आहे. मग त्याचे आकडे शेजाऱ्यापेक्षा पन्नासांनी कमी का असेनात.

पुढील काळात हे सारे विजेच्या ताब्यात गेले. फोर्डच्या १९९४ च्या मध्यानंतरच्या ७.३ लिटर पॉवरस्ट्रोक इंजिनात इंजेक्टर तेलाच्या दाबावर चालत आणि त्यांचे नियंत्रण संगणकाकडे असे, म्हणून त्या संगणकाच्या पाठीला एक चिप खोचून दर्शनी फळीवर फिरकीची कळ बसविण्याची पद्धत पडली: एक खाच ओझे ओढण्यासाठी, एक रोजच्यासाठी, एक दांडगाईसाठी. जनरल मोटर्सने इसुझूच्या भागीदारीत घडविलेले २००१ चे ६.६ लिटर ड्युरामॅक्स हे कॉमन रेल पद्धतीचे इंजिन ३०० अश्वशक्तीचे होते. २००३ मध्ये कमिन्सही त्या पद्धतीवर आले. तेव्हापासून शक्तीवाढ ही पान्याची नव्हे तर लॅपटॉपची बाब झाली. यात एक खरा फायदा झाला. जे तारतम्य पूर्वी चक्रीच्या दात्यांवर अवलंबून होते ते आता दर फेऱ्याला आणि दर अंशाला वेगळे आखता येते, आणि कुशल माणसाने आखलेले पाचशे अश्वशक्तीचे ट्यूनिंग गर्दीत मूळ गाडीइतकेच शहाणे वागू शकते. अर्थात अकुशल माणसाच्या हातीही तोच लॅपटॉप असतो.

उष्णतेचा प्रश्न धुरापेक्षा गंभीर आहे, कारण धूर लोकांना दिसतो आणि उष्णता कोणालाच दिसत नाही. जाणते लोक एक्झॉस्टच्या नळीत पायरोमीटरचा काटा बसवून घेतात आणि सतत भाराखाली सुमारे १२५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे पावणेसातशे अंश सेल्सिअसच्या, वर वायूचे तापमान जाऊ देत नाहीत. पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात आणि तो धातू त्याच सुमाराला वितळतो. शर्यतीत हे तापमान दहा-बारा सेकंद ओलांडले तर बहुधा काही बिघडत नाही. पण डेन्व्हरहून पश्चिमेला निघून आयझेनहॉवर बोगद्याची चढण, जिथे रस्ता अकरा हजार फुटांच्या वर जातो आणि हवा विरळ होते, ती मागे ट्रेलर लावून चढू लागले की तोच काटा मिनिटामिनिटाने वर सरकत राहतो, आणि मग चालकाला एकच उपाय उरतो: पाय सैल सोडून मालवाहू ट्रकांच्या रांगेत मुकाट्याने लागणे. पाचशे अश्वशक्तीचे वाहन ज्या दिवशी खरोखर ओझे ओढते त्या दिवशी त्यातली दोन-अडीचशेच वापरता येते, ही गोष्ट विक्रीच्या जाहिरातीत सहसा आढळत नाही.

टर्बोच्या निवडीतही हाच तिढा आहे. मोठा टर्बो अधिक हवा देतो पण उशिरा जागा होतो; लहान टर्बो लगेच जागा होतो पण वरच्या फेऱ्यांत गुदमरतो. शर्यतीवाल्याला उशीर चालतो, कारण तो आरंभरेषेवर इंजिन घुमवून तयार उभा असतो. चौकात डावीकडे वळण्यासाठी समोरून येणाऱ्या वाहनांतली फट शोधणाऱ्या माणसाला तो चालत नाही. यावर तोड म्हणून लहान आणि मोठा असे दोन टर्बो एकापाठोपाठ जोडतात, आणि रोजच्या वापराच्या दृष्टीने पाहता सगळ्या महागड्या फेरफारांत माझे मत याच एकाला आहे. तापमान उतरते, धूर ओसरतो, उचल लवकर येते. मात्र बॉनेटखाली इतकी गर्दी होते की साधे काम करायलाही निम्मे नळकांडे उतरवावे लागते.

गिअरबॉक्सचा अध्याय मी लांबवत नाही, कारण त्यात वाद फारसा नाही आणि खर्च फार आहे. डॉजचा १९९० च्या दशकातील स्वयंचलित गिअरबॉक्स मूळच्या टॉर्कलाच कसाबसा पुरा पडत असे. वाढीव टॉर्क आला की त्याच्या आतील क्लच घसरू लागत. ड्युरामॅक्समागचा ॲलिसन अधिक सुजाण निघाला: घसरण जाणवताच तो स्वतःच आखडता हात घेतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये लंगडत घरी आणतो. हाताच्या गिअरवाल्यांनी दोन चकत्यांचा क्लच घालावा असा सल्ला मिळतो. तो भार पेलतो यात शंका नाही, परंतु त्यांपैकी पुष्कळ क्लच एक तर पकडतात नाही तर सोडतात, मधली अवस्था त्यांना ठाऊक नसते, आणि सायंकाळच्या तुंबलेल्या रस्त्यावर दर पाच फुटांना त्याची प्रचीती डाव्या गुडघ्याला येते. ज्यांनी आधी इंजिन वाढविले आणि गिअरबॉक्स मागाहून पाहू म्हटले, त्यांचा जमाखर्च शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतो.

आता इंजिनांच्या घराण्यांतील गुणदोष. बारा व्हॉल्व्हच्या कमिन्सची ख्याती अमरत्वाची आहे, पण त्याच्या पुढच्या दातेरी चाकांच्या पेटीमागे एक लहानसा पोलादी खिळा असतो, जो जोडणीच्या वेळी दोन भाग एका रेषेत यावेत एवढ्यासाठीच घातलेला असतो. वर्षानुवर्षांच्या थरथरीने तो सुटत सुटत बाहेर येतो आणि चाकांच्या दात्यांत पडला तर पेटी फुटते. त्याला अमेरिकन मिस्त्री 'मारेकरी खिळा' म्हणतात. उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे: शेजारच्या बोल्टखाली नखाएवढी पत्र्याची पट्टी अडकवायची की खिळा जागच्या जागी बंदिस्त. १९९८ च्या मध्यानंतरचे चोवीस व्हॉल्व्हचे इंजिन अधिक शांत व अधिक चपळ, परंतु त्याचा व्हीपी-४४ हा इंजेक्शन पंप वाहत्या डिझेलवरच थंड राहतो, आणि त्याला डिझेल पुरविणारा लहान पंप अशक्त झाला की चालकाला पत्ता लागण्याआधीच मोठा पंप कामातून जातो. ज्याने डिझेलच्या दाबाचा काटा लावलेला नाही त्याने या इंजिनावर एक अश्वशक्तीही वाढवू नये.

फोर्डच्या ७.३ विषयी तक्रार अशी की तो जड आहे आणि फार धावत नाही. म्हणूनच तो टिकतो. २००३ ते २००७ या काळातील ६.० लिटरचे पॉवरस्ट्रोक हे मात्र साऱ्या क्षेत्रातील सर्वांत उद्बोधक प्रकरण. कागदावर ते ३२५ अश्वशक्तीचे, चलाख, लगेच उचल घेणारे. त्याचा ऑइल कूलर गाळाने तुंबे. मग एक्झॉस्टचा वायू थंड करणाऱ्या कूलरला पाणी कमी पडून तो फुटे. आणि आधीच मोजक्या बोल्टांवर धरलेले हेड वाढत्या दाबाने उचलले जाऊन गॅस्केट जाई. अशा इंजिनावर केवळ ट्यूनिंगचा बोजा टाकणारे मालक हजारोंनी पस्तावले. हमीखालच्या दुरुस्त्यांच्या खर्चावरून फोर्ड आणि हे इंजिन पुरविणारी नॅव्हिस्टार यांची २००७ मध्ये कोर्टकचेरी झाली आणि २००९ मध्ये तडजोड. आज तेच इंजिन, हेडला जाड स्टड घालून आणि कूलर बदलून, अनेक जण निर्धास्तपणे रोज चालवितात. फेरफार हा शब्द येथे वेगळ्या अर्थाने सार्थ होतो. शक्ती वाढविण्यासाठी नव्हे तर मूळची शक्ती टिकविण्यासाठी. ड्युरामॅक्सच्या सुरुवातीच्या पिढीत इंजेक्टर व्हॉल्व्हच्या झाकणाखाली दडलेले असून ते लवकर गळू लागले, इतके की कंपनीला त्यांची हमी सात वर्षांपर्यंत वाढवावी लागली. आणि सहाशेच्या आसपास गेल्यावर त्याचे कनेक्टिंग रॉड वाकतात हा अनुभव सार्वत्रिक आहे. २००६ च्या सुधारित आवृत्तीत रॉड जाड झाले तर पिस्टनला तडे जाऊ लागले. एक सांधा बळकट केला की भार पुढच्या सांध्यावर जातो.

या सगळ्याच्या उलट बाजूचा एक पुरावाही नमूद केला पाहिजे, नाही तर हा आढावा एकांगी होईल. कॅलिफोर्नियातील गेल बँक्स यांनी २००२ मध्ये डॉज डकोटा या लहान पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे इंजिन ७३५ अश्वशक्तीपर्यंत वाढवून बसविले, ती गाडी स्वतःच्या सामानाचा ट्रेलर मागे लावून रस्त्याने युटामधील बॉनव्हिलच्या मिठागरावर नेली, आणि तेथे ताशी २१७ मैलांचा विक्रम केला. धूर म्हणजे वाया गेलेले इंधन हे मत त्या गृहस्थांनी जन्मभर मांडले; वेग आणि सभ्यता एका वाहनात नांदू शकतात याचे याहून चांगले प्रात्यक्षिक मला ठाऊक नाही. 'डिझेल पॉवर' मासिकाने भरविलेल्या वार्षिक स्पर्धेतही वेग व ओढशक्ती यांच्या जोडीला रस्त्यावर चालविणे आणि डिझेलची बचत यांची परीक्षा असे, आणि ती मोठी मार्मिक योजना होती, कारण कित्येक बलाढ्य वाहनांचे पितळ त्या सरळ, साध्या प्रवासातच उघडे पडे. पुढे इंडियाना राज्यात भरू लागलेल्या चढाओढींत शक्तीचे आकडे हजारांच्या पटीत गेले. त्यांचा रोजच्या वापराशी काही संबंध उरलेला नाही, आणि तो आहे असा दावाही तेथे कोणी करीत नाही.

रोजचा वापर म्हणजे काय, हे मिनेसोटातल्या जानेवारीत कळते. डिझेल थंडीत मेणासारखे घट्ट होऊ लागते, म्हणून पंपांवर हिवाळ्यापुरते वेगळे मिश्रण विकले जाते. रात्री पुढच्या जाळीतून लोंबणारी वायर घराच्या सॉकेटला जोडून इंजिनाचा ठोकळा कोमट ठेवावा लागतो. आणि सकाळी किल्ली फिरवल्यावर इनटेकमधली जाळी तापेपर्यंत दिव्याकडे पाहत बसावे लागते. ज्यांनी अधिक हवा मिळावी म्हणून ती तापणारी जाळीच काढून टाकलेली असते त्यांची गाडी शून्याखाली पांढरा धूर ओकत, एकेका सिलिंडरवर खोकत जागी होते आणि अख्ख्या आळीला जागे करते. खाद्यगृहाच्या खिडकीशी गाडीतूनच जिन्नस मागवायचा तर इंजिन बंद करावे लागते, कारण चार इंची सायलेन्सरविरहित नळीपुढे माणसाचा शब्द ऐकू जात नाही. हे सारे किरकोळ आहे, मान्य. पण रोज घडणारे किरकोळच शेवटी गाडी विकायला लावते.

खर्चवेचाचा हिशेबही त्यातच येतो. सौम्य पायाने चालविलेली जुनी कमिन्स हमरस्त्यावर गॅलनला अठरा-वीस मैल देते, आणि माफक ट्यूनिंगने हा आकडा फारसा बिघडत नाही. बिघडतो तो मालकाच्या स्वभावाने. तेल बदलायचे म्हणजे कमिन्सला तीन गॅलनांच्या आसपास आणि ७.३ ला त्याहूनही अधिक लागते. इंजिन पाचशे किलोंच्या घरातले असल्यामुळे पुढचे बॉल जॉइंट व स्टिअरिंगची जोडकामे लवकर ढिली पडतात, आणि मोठे टायर घातले की आणखी लवकर. २०२२ च्या उन्हाळ्यात डिझेल गॅलनला पाच डॉलरांच्या वर गेले तेव्हा या छंदातील हौसे, नवसे आणि गवसे आपोआप वेगळे झाले.

कायद्याची बाजू मात्र टाळता येण्यासारखी नाही. काजळीला अटकाव करणारे फिल्टर २००७ च्या नियमांनी आले आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांना आवर घालणारी युरियाची व्यवस्था २०१० च्या नियमांनी. या यंत्रणा काढून टाकण्यास स्वच्छ हवा कायद्याखाली मनाई आहे. तरीही अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांवरून त्या उतरविल्या गेल्या, आणि त्यामुळे होणारे प्रदूषण रस्त्यावर नव्वद लाख अधिक पिकअप आणून सोडण्याइतके आहे. त्याच वर्षी युटामधील फेडरल न्यायालयाने दूरचित्रवाणीवर गाजलेल्या एका डिझेलवाल्या मंडळीस सुमारे साडेआठ लाख डॉलरांचा दंड ठोठावला. अपिलात त्याचा काही भाग फेरविचारासाठी परत गेला. शिवाय दोष केवळ गॅरेजवाल्यांचाच होता असेही नाही: खुद्द कमिन्सने राम पिकअपांतील लक्षावधी इंजिनांवरून उपस्थित झालेल्या अशाच आरोपांच्या तडजोडीत २०२४ च्या आरंभी १६७ कोटी ५० लाख डॉलरांचा दंड भरण्याचे मान्य केले, आणि या कायद्याखालील तो सर्वांत मोठा दिवाणी दंड ठरला.

फिल्टर काढणाऱ्यांची कैफियत मी ऐकून न घेता फेटाळीत नाही. हे फिल्टर साचलेली काजळी जाळून स्वतःस साफ करतात आणि त्यासाठी इंजिन बराच वेळ गरम राहावे लागते. शाळा, बाजार आणि कचेरी अशा चार-चार मैलांच्या फेऱ्यांत ते होत नाही, फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, आणि शेवटी गाडी स्वतःची शक्ती आवळून बसते. नवा फिल्टर हजारो डॉलरांचा. ज्याचा धंदाच त्या गाडीवर अवलंबून आहे त्याचा संताप समजू शकतो. परंतु या दुखण्याचे मूळ, ओझे ओढण्यासाठी घडलेले वाहन रिकामे आणि थंड हाकण्याच्या सवयीत आहे, आणि म्हणून फिल्टर उतरविणाऱ्यांपैकी ज्यांना खरोखर रोजचेच वाहन हवे होते त्यांना पेट्रोलची गाडी घेणे अधिक स्वस्तात पडले असते. सायकलस्वारांच्या आणि पादचाऱ्यांच्या तोंडावर हेतुपुरस्सर काळा धूर सोडण्याचा जो प्रकार आहे त्याची गणना मी छंदात करीत नाही. न्यू जर्सीने २०१५ मध्ये आणि कोलोरॅडोने २०१७ मध्ये त्याविरुद्ध कायदे केले ते योग्यच झाले. २०२१ च्या सप्टेंबरात टेक्सासमधील वॉलरनजीक असाच धूर सोडू पाहणाऱ्या एका अल्पवयीन चालकाने सहा सायकलस्वारांना उडविले, तेव्हा या थट्टेत थट्टा किती होती हे सर्वांना दिसले.

दरम्यान कारखान्यांनीच या वादातील निम्मी हवा काढून घेतली आहे. २०२३ पासून फोर्डचे ६.७ लिटर इंजिन ५०० अश्वशक्ती आणि १२०० पाउंड-फूट टॉर्क घेऊन, हमीसह आणि धुराशिवाय, विक्रीला उभे आहे. ड्युरामॅक्स ४७० वर पोहोचले आणि राम ४३० वर. वीस वर्षांपूर्वी ज्या आकड्यासाठी माणसे गिअरबॉक्स जाळीत असत तो आज दुकानात मिळतो. पण अशा वाहनाची किंमत सहज ऐंशी हजार डॉलरांपलीकडे जाते, आणि त्याचा एखादा सेन्सर बिघडला तर मालकाला बॉनेट उघडून पाहण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून २००७ पूर्वीच्या, फिल्टर मुळातच नसलेल्या गाड्यांची मागणी हटलेली नाही, आणि गंजविरहित बारा व्हॉल्व्हची कमिन्स किंवा २००६ ची ड्युरामॅक्स तिच्या वयाकडे पाहता आश्चर्य वाटावे अशा भावाला विकली जाते.

असे वाहन रोजच्यासाठी घेऊ इच्छिणाऱ्याने विकणाऱ्याच्या तोंडच्या अश्वशक्तीच्या आकड्याकडे लक्ष न दिलेले बरे. गिअरबॉक्स केव्हा आणि कोणाकडून बांधून घेतला त्याच्या पावत्या मागाव्यात. कमिन्स असेल तर त्या मारेकरी खिळ्याचा बंदोबस्त झाला आहे का ते विचारावे. पायरोमीटर व डिझेलच्या दाबाचा काटा जागेवर आहेत की त्यांच्या जागी नुसती भोके आहेत ते पाहावे. राज्यात तपासणीचा नियम असेल, जसा कॅलिफोर्नियात १९९८ व त्यानंतरच्या डिझेल वाहनांना आहे, तर त्याचा दाखला पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. गाडी गर्दीच्या वेळी गर्दीच्या रस्त्यावर चालवून पाहावी, रिकाम्या रस्त्यावर कोणतीही गाडी चांगलीच वाटते. आणि आपण पोहोचण्यापूर्वीच विकणाऱ्याने इंजिन गरम करून ठेवलेले असेल, तर त्याचा चहा घेऊन निरोप घ्यावा व दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, न कळविता, परत जावे.